शालीवरचा अखेरचा हात

भगिनींनो, सुयांवरून शेवटचा टांका उतरला म्हणजे शाल पुरी झाली असें मानूं नये. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांतील जाळीदार शाल बोटांतल्या अंगठींतून ओढून काढतां येईल इतकी तलम असते. परंतु सुयांवरून उतरतांना ती चुरगळलेल्या चिंधीसारखीच दिसते. कोमट पाण्यांत भिजवून, न पिळतां, चौकटीवर ताणून वाळविली म्हणजे नक्षी उमलते. हा गुण लोकरीचा. सुताची शाल स्वतःच्याच भारानें लोंबते. अ‍ॅक्रिलिकचा स्वस्त धागा, ज्याचा मोह आपणांस फार, ताण सुटतांच पुन्हां आकसतो. वाफ अधिक झाल्यास कायमचा मरगळतो. लोकरीसही ऊन पाणी व चोळणें सोसत नाहीं. ती आटून घट्ट झाली कीं कित्येक महिन्यांची मेहनत गेलीच. यास्तव प्रथम वीतभर तुकडा विणून, धुवून, ताणून वाळवावा, आणि मगच शालीचे टांके घालावे.