दोन थरांच्या सीमेवर

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



दरवर्षी आरतीनंतर कोणीतरी विचारतंच, "तुम्ही लॅबमध्ये नेमकं करता काय?" आज मंडळाने व्यासपीठच दिलं आहे, तेव्हा सांगतो. मी धातूंचे पातळ थर एकावर एक चढवतो. एकेक थर नॅनोमीटरभर, म्हणजे जेमतेम पाच-सात अणूंचा.

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, तसा 'स्पिन'ही असतो. एक 'वर', एक 'खाली'. लोखंडाचे दोन थर म्हणजे वाटेवरचे दोन नाके समजा. दोन्ही नाक्यांवर एकच भाषा चालत असेल, तर ती येणारे झटकन सुटतात. नाक्यांच्या भाषा वेगळ्या असल्या, की प्रत्येकजण कुठे ना कुठे अडतो. आपल्याला हे वेगळं सांगायला नको! दोन्ही थरांचं चुंबकत्व एका दिशेला असलं, की विद्युतरोध कमी. उलट असलं, की जास्त.

१९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबर्ग यांना लोखंड-क्रोमियमच्या थरांत हे स्वतंत्रपणे दिसलं. फेर यांच्या नमुन्यात उणे २६९ अंशांना, चुंबकीय क्षेत्र लावताच रोध जवळपास निम्मा झाला. १९९७ साली आयबीएमने याच तत्त्वावर हार्ड डिस्कची वाचणारी टोकं बाजारात आणली. २००७ साली दोघांना नोबेल मिळालं.

पण हा नाका असतो कुठे? बराचसा थरांच्या सीमेवरच. १९९३ साली स्टुअर्ट पार्किन यांनी सीमेवर कोबाल्टचा जेमतेम अणूभर जाडीचा थर दिला आणि परिणाम कितीतरी वाढला.

सीमा बिघडली, की सगळंच बिघडतं. एकदा आमच्या निर्वात यंत्रात बारीक गळती होती. लोखंडावर ऑक्सिजन बसत गेला आणि तीन आठवड्यांचे नमुने टाकावे लागले. माझा विद्यार्थी रडकुंडीला आला. "सर, याचा उपयोग काय?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही.

आज देतो. १९८८ ते १९९७, नऊ वर्षं. सुरुवातीला कोणी हार्ड डिस्क बनवायला बसलं नव्हतं. थरांच्या आत काय चालतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तेव्हा आपल्या मुलांनी असा 'निरुपयोगी' विषय निवडला, तर त्यांना लगेच अडवू नका.

गणपती बाप्पा मोरया!