आज वार कोणाचा?

(मंडळाच्या श्रावणातल्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'पालक आणि बालशिक्षण' असा भारदस्त विषय दिला आहे. मी काही शिक्षणातला जाणकार नाही. स्थापत्यचा डिप्लोमा केला, महाराष्ट्र शासनाच्या बांधकाम खात्यात लागलो. रोज सकाळी नरोली-भिलाडमार्गे तलासरीकडे जातो आणि दिवेलागणीला सिल्वासात परत येतो. रस्ता, मोरी, शाळाखोली यांची अंदाजपत्रकं काढणं हे माझं काम. तेव्हा शिक्षणशास्त्र बाजूला ठेवून, आमच्या वसाहतीत पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीबद्दलच बोलतो. माझी दोन्ही मुलं तिथून बाहेर पडली आहेत, त्यामुळे आता माझा त्यात स्वार्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी एक मागणी आहे, तीही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी मधेच चहाला उठणार नाही.

२०१७ साली माझी मुलगी तीन वर्षांची झाली. चौकशीला एका नर्सरीत गेलो तर तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बेबीला ए टू झेड लिहिता येतं का?" तीन वर्षांच्या पोरीला! माझी बायको बाहेर येऊन म्हणाली, "लिहिता येत असतं तर हिला इथे कशाला आणली असती?" त्याच आठवड्यात शेजारच्या दोन घरांतही हीच रड ऐकू आली. मग नऊ कुटुंबं एकत्र बसली. एका काकांच्या बंगल्याचा पुढचा व्हरांडा मिळाला. बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेल्या एक ताई पगारावर मिळाल्या. बाकी सगळं आपण करायचं: झाडलोट, खाऊ, हिशेब, आणि रोज एका पालकाने ताईंच्या मदतीला पूर्ण सकाळ बसायचं.

या पाळीला नाव काय द्यायचं यावर पहिल्या बैठकीत अर्धा तास गेला. कुणी ड्युटी म्हणालं, कुणी टर्न. शेवटी आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "वार म्हणा. मी विद्यार्थी असताना सात घरी वार लावून जेवलो आहे. तसेच या पोरांचे वार लावा." तेव्हापासून व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज खडूने लिहिलेलं असतं, आज वार कोणाचा. ज्यांना वाचता येत नाही अशी पोरंसुद्धा आपल्या आईचं नाव बरोबर ओळखतात.

आता हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. १९१६ साली शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बारा बायकांनी अशीच शाळा काढली होती. न्यूझीलंडमध्ये १९४१ पासून आई-वडील पाळीपाळीने मुलांची केंद्रं चालवतात. महायुद्धात नवरे आघाडीवर गेलेल्या बायकांची ती निकड होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला आवडणारी गोष्ट मात्र इटलीतली आहे. रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा जर्मन सैन्य एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे टाकून गेलं. गावकऱ्यांनी ते विकले आणि त्या पैशात मुलांची शाळा बांधायला घेतली. पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या, नदीची रेती आणली, मजुरी स्वतः केली. निविदा नाही, मोजमाप-पुस्तिका नाही, आणि तरी इमारत उभी राहिली. हे मी साहेबांना सांगत नाही.

पण एवढं लांब कशाला जायचं? उंबरगाव ओलांडून महाराष्ट्राच्या हद्दीत शिरलं की बोर्डी आहे, आणि तिथून जवळच कोसबाडची टेकडी. आपल्यातले कितीतरी जण बोर्डीच्या समुद्रावर सहलीला जातात, घोलवडचे चिकू घेऊन परत येतात. पण अख्ख्या देशात आज जो शब्द घरोघर माहीत आहे, 'अंगणवाडी', त्याचं मूळ बोर्डीत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

ताराबाई मोडक मुंबईच्या पदवीधर. राजकोटची चांगली नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. घरात मुलगा झाला, त्याला कसं वाढवायचं हा प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नापायी वकिली सुटली. आपल्या गुजराती शेजाऱ्यांना विचारा, ते त्यांना 'मूछाळी मा' म्हणतात, मिशीवाली आई. म्हणजे आपल्या या भागातल्या बालशिक्षणाची सुरुवातच एका पालकाच्या अडचणीतून झाली आहे. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई दादरला आल्या, शिशुविहार काढलं, आणि १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, सगळं चालू असलेलं मागे ठेवून बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. आया कामावर, मुलांना आणून सोडणार कोण? आणि गावात त्यांना सरळ येऊ देतील अशी हवाही नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. तिथली वारली मुलं गुरं चारायला कुरणात जात, म्हणून शाळा कुरणात गेली. मोठी मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर लहान भाऊ. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटा पाळणाघरात ठेवला की थोरली मोकळी. साधनं म्हणाल तर परदेशी महाग लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. १९७५ साली सरकारने गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली ती ३३ ठिकाणी, आणि केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. सरकारी कर्मचारी म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं. खात्यात नावं सहसा इतकी चांगली ठेवत नाहीत.

आमच्या व्हरांड्यातसुद्धा चिंचोके, सागरगोटे, सुपं आणि मातीच होती. दमणगंगेच्या काठची माती मी स्वतः दोन गोण्या भरून आणली, चाळली, भिजवली. त्या मातीवर पोरं तासन् तास बसत. ताई एकच सांगायच्या, "काय केलंस असं विचारू नका, बघत बसा." इंजिनियर माणसाला नुसतं बघत बसणं फार जड जातं.

माझा पहिला वार होता त्या दिवशी माझ्याच मुलीने उच्छाद मांडला. मांडीवरून हलेना, दुसरं कुणी जवळ आलं की ढकलायची, शेवटी एका मुलाला चावली. नंतर कळलं की ज्याचे आई-बाप वाराला येतात ते पोर त्या दिवशी हमखास असंच वागतं. 'माझे बाबा' सगळ्यांचे बाबा झालेले त्याला सोसत नाही. दोन-तीन वारांनंतर तिने स्वतःच एका मुलाचा हात धरून माझ्याकडे आणला आणि म्हणाली, "याची चड्डी ओली झालीय, तुम्ही बदला." मी बदलली. आयुष्यात परक्या मुलाची चड्डी बदलायची ती पहिली वेळ. आमच्यातल्या बहुतेक बाप मंडळींची तीच गत होती.

एक बाप धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर. रात्रपाळी संपवून थेट वाराला येत. एकदा गोष्ट सांगता सांगता सतरंजीवर बसल्या जागी झोपी गेले. ताईंनी उठवलं नाही. पोरांना म्हणाल्या, "काका रात्रभर जागे होते." पुढची वीस मिनिटं अकरा मुलं कुजबुजत खेळली. एकाने काकांच्या पायावर आपला रुमाल पांघरला. त्या काकांचा मुलगा आज पाचवीत आहे. त्याची आई सांगते, बाबा रात्रपाळीहून आले की तो अजूनही टीव्हीचा आवाज स्वतः कमी करतो.

सगळंच गोड होतं असं नाही. दुसऱ्या वर्षी एका कुटुंबाने सुचवलं, "आम्हाला वाराला वेळ नाही, त्याऐवजी महिन्याला पाचशे रुपये जास्त देतो." पैशांची गरज होती, हो म्हटलं गेलं. दोन महिन्यांत चार कुटुंबं तशी झाली. डिसेंबरात अशी वेळ आली की दोनच आया सगळा गाडा ओढत होत्या, आणि त्यातली एक गरोदर. ताई म्हणाल्या, "मग ही नेहमीसारखी नर्सरीच झाली, फक्त फी कमी." खूप वादावादी झाली. ठरलं ते असं: वार विकत घेता येणार नाही. पण वार म्हणजे सकाळच असं नाही. रविवारी सतरंज्या धुणं, हिशेब लिहिणं, सुटलेली खेळणी शिवणं, हाही वार. एक कुटुंब सोडून गेलं. त्यांच्याशी आमचं येणंजाणं आजही आहे.

दुसरी अडचण लिहिण्याची. आम्ही सहा वर्षांपर्यंत पाटी-पेन्सिलीची घाई केली नाही. आमच्यातल्या दोन मुलांना पहिलीत वर्गात बसून फळ्यावरचं उतरवून घेणं चार-पाच महिने जड गेलं, हे खरं आहे. त्यांच्या आयांनी ते महिने कसे काढले ते त्यांनाच विचारा. आता २०२०च्या शिक्षण धोरणानेही पहिलीचं वय सहा धरलं आहे आणि तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला आहे. तरी शाळांच्या मुलाखती काही थांबलेल्या दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण तीच आज बोलायला हवी.

वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे कंपन्यांत कंत्राटावर काम करणारी बिहार-ओडिशाची कुटुंबं राहतात, आणि खानवेलकडून आलेली काही वारली कुटुंबंही. आमच्या ताई तिथूनच रोज जायच्या-यायच्या. एके दिवशी त्यांच्यामागून दोन मुलं आली आणि पायरीवर बसून बघायला लागली. आठवडाभर बसली. बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं, फी देणार नाहीत. कुणी म्हणालं, भाषा बिघडेल, आपण मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून हे काढलं. ही भीती खोटी नाही. माझा मुलगा तेव्हा "मी नाय आवणार, मला भूख लागलीय" अशी एका वाक्यात तीन राज्यं फिरून यायचा.

मुलं घेतली. त्यांतल्या एकीची आई रोजंदारीवर, एक सकाळ बुडली की त्या दिवसाचे पैसे गेले. तिने रविवारचा वार घेतला. दर महिन्याला अख्खा व्हरांडा ती इतका लख्ख करून जायची की सोमवारी चप्पल घालून पाऊल टाकायला जीव धजत नसे. आणि भाषा? मराठी गोष्ट आजीने सांगितली की ती सगळ्यांनाच ऐकावी लागते. ओडिशाचा मुलगा घरी जाऊन आईला मराठीत दटावायला लागला. माझा मुलगा तीन राज्यं फिरतो ते अजून थांबलेलं नाही, पण आता कुठल्या राज्यात आहे हे त्याला कळतं.

मार्च २०२० ला कोरोनात बालवाडी बंद झाली. जून २०२२ ला पुन्हा सुरू केली, आज चौदा मुलं आहेत. त्यातली सहा मराठी घरांतली. आता व्हरांड्याचे काका बंगला विकून साताऱ्याला मुलाकडे चालले आहेत. दिवाळीनंतर जागा नाही.

मंडळी, आपलं हे सभागृह सोमवार ते शुक्रवार सकाळी बंद असतं. गणपतीचे दिवस, कोजागरी, तिळगूळ समारंभ आणि हळदीकुंकू सोडलं तर इथे सकाळी फक्त कबुतरं असतात. सकाळी नऊ ते साडेबारा ही जागा बालवाडीला द्यावी, अशी मागणी मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. मला कल्पना आहे, प्रश्न विचारला जाईल: वर्गणी मराठी माणसाची, मग चौदातल्या आठ परक्या मुलांसाठी सभागृह का? ज्यांनी वर्गणीच्या पावत्या हातात घेऊन आमली ते किलवणी नाका पायी पालथा घातला, त्यांना हे विचारायचा हक्क आहे. मी एवढंच म्हणेन की मुलं निवडून घ्यायची असतील तर ही बालवाडी दुसरीकडे जाईल किंवा बंद पडेल, पण त्या आठांना काढून ती इथे येणार नाही. चौदाही कुटुंबांनी बसून हे ठरवलं आहे. त्यातली सहा मराठी कुटुंबं याच सभागृहात आत्ता बसलेली आहेत.

अंदाजपत्रक मी काढलं आहे. एक नळ दीड फुटावर घ्यायचा, संडासात लहान भांडं बसवायचं, मागच्या दोन खिडक्यांना जाळी, आणि पंख्याच्या बटणांची पेटी वर न्यायची. साहित्य आणि मजुरी धरून छत्तीस हजारांत बसतं. मजुरीतली बरीचशी पालक रविवारच्या वारात करतील, तेव्हा ते पंचवीसपर्यंत खाली येईल. मंडळाकडून पैसा नको, जागा हवी. भाडं म्हणून सभागृहाची रोजची झाडलोट आणि वीजबिलातला आमचा वाटा देऊ.

कार्यकारिणीची बैठक गणपतीनंतरच्या रविवारी आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी त्याआधी एक सकाळ व्हरांड्यात येऊन बसावं. फळ्यावर नाव लिहून ठेवू. आणि मागच्या खोलीतलं मखराचं सामान माळ्यावर चढवावं लागेल, त्याला चार माणसं लागतील, ती आमच्याकडे आहेत. खोलीची किल्ली मात्र खजिनदारांकडे आहे.