पत्र्याच्या भुशात काय आहे?



कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे पत्र्याचे काय काढले, असे तुम्हाला वाटेल. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका गोठ्यावर सिमेंटचे पत्रे चढवायला हात लावला. करवतीने पत्रे कापले, पांढरा भुसा अंगावर घेतला, पोरे त्यात खेळली. शेतकीची पदवी गाठीला असून आम्हाला सुचले नाही.

असल्या बहुतेक पत्र्यांत सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस असतो. हा दगडच, पण कापसासारखा पिंजला जाणारा. कापूस जळतो, कुजतो. हा धागा जळतही नाही, कुजतही नाही. तो उभा चिरत जातो, डोळ्याला दिसू नये इतका बारीक होतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसतो. शरीराला तो जिरवता येत नाही. वर्षानुवर्षे आत दाह चालतो आणि 20, 30, 40 वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्यावरच्या आवरणाचा कर्करोग उभा राहतो. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त.

दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व सहकाऱ्यांनी 1960 साली या आवरणाच्या कर्करोगाचे 33 रुग्ण जगापुढे मांडले. मुलूख निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचा. पण सगळे खाणकामगार नव्हते. त्यांत घरच्या बाया होत्या, गुराखी होते. नुसते खाणीच्या आसपास राहिलेले!

आपल्या पत्र्यातला पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सौम्य, असे विकणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटना सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते. कॅनडाने 2011 पर्यंत खाणी चालवल्या, माल आपल्या देशाला विकला आणि 2018 साली स्वतःच्या घरी बंदी घातली. आता रशियाचा माल येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षे ठेवायला सांगितले. गावात पत्रा कापणाऱ्या मिस्त्रीची आणि त्याच्या हाताखालच्या मजुराची नोंद कोणत्या वहीत आहे?

आजच पत्रे उतरवा, असे आम्ही म्हणत नाही, परवडणार कोणाला? धड पत्रा आहे तिथे राहू द्या. त्याला करवत, घासणी लावू नका. फुटला तर पाणी मारून तुकडे प्लॅस्टिकात बांधा. भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाडीवाटेच्या खड्ड्यात तुकडे टाकायची आपली सवय आहे, त्यावरून चाक गेले की पीठ होते. ते बंद करा. नवा गोठा टिनाचा किंवा कौलांचा बांधा. टिन तापते खरे. आतून तुराट्यांचे छत करा, पण चूल दूर ठेवून.