नापसंतीलाही जागा हवी



 लिहून आणलेलं भाषण मी बाजूला ठेवतो. काल रात्री आपण दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स यांचा, नॉर्वेच्या चित्रकारावरचा ‘एडवर्ड मुंक’ हा चित्रपट पाहिला. त्यानंतर चहा घेताना जे कानावर आलं, त्याविषयीच बोलावंसं वाटतं.

कुणी म्हणालं, साडेतीन तास म्हणजे फारच झालं. कुणी म्हणालं, आईचं मरण, बहिणीचं आजारपण, तेच तेच किती दाखवायचं? एका तरुण मुलीने विचारलं, “ही पडद्यावरची माणसं सारखी आपल्याकडे का बघतात?”

तिच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. १९७४ साली नॉर्वे आणि स्वीडनच्या दूरचित्रवाणीसाठी हा चित्रपट करताना वॉटकिन्स यांनी हौशी कलावंत घेतले. मुंकच्या चित्रांना नावं ठेवणाऱ्या नागरिकांच्या भूमिकांसाठी तर त्यांनी ती चित्रं मनापासून न आवडणारी माणसं शोधली. १८८६ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, मुंकचं आजारी मुलीचं चित्र भिंतीवर लागलं तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली. १८९२ मध्ये बर्लिनमधलं त्याचं प्रदर्शन आठवडाभरात गुंडाळावं लागलं. पडद्यावरचे ते प्रेक्षक आपल्याकडे वळून पाहतात, कारण आपणही प्रेक्षकच आहोत. त्या दिवशी आपण तिथे असतो, तर काय म्हणालो असतो?

आणखी एक अभिप्राय कौतुकाचा होता : एवढं भोगलं, म्हणूनच तो एवढा मोठा झाला. मला हे अजिबात मान्य नाही. मुंक पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली. १८७७ मध्ये पंधरा वर्षांची सोफी, त्याची बहीण, त्याच रोगाने गेली. पण त्या काळात क्षयाने असंख्य घरं उजाड केली. भोगणारे अगणित होते, मुंक एकच झाला. चित्रपटात कॅनव्हास खरवडल्याचा तो कर्कश आवाज आठवा. मुंक रंग लावतो, खरवडतो, पुन्हा लावतो. दुःख त्याच्या वाट्याला आलं होतं. चित्र त्याला कष्टाने मिळवावं लागलं. चाळीसएक वर्षांच्या काळात त्याने त्या आजारी मुलीचं, म्हणजे सोफीच्या आठवणीतलं, चित्र एकूण सहा वेळा रंगवलं. जो माणूस सहा वेळा त्याच उशीपाशी परत गेला, त्याची गोष्ट एका सरळ रेषेत कशी सांगणार? ‘तेच तेच’ म्हणून आपल्याला जे खटकलं, तोच त्याच्या आयुष्याचा ठेका होता.

म्हणून चित्रपट संस्था चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. असे चित्रपट लांबीला भिऊन टाळू नका, आणि दिवे लागताच दारं उघडून मोकळे होऊ नका. अर्धा तास चर्चेला ठेवा. ‘आवडला का?’ हे नंतर विचारा. आधी ‘काय दिसलं?’ असं विचारा. आणि ज्यांना आवडला नाही, त्यांना आधी बोलू द्या. वॉटकिन्स यांनी नापसंतीला चित्रपटात मानाने जागा दिली. आपण ती आपल्या सभागृहात द्यायला हवी.

त्या मुलीला चित्रपट आवडला की नाही, ते तिने सांगितलं नाही. पण ती शेवटपर्यंत बसली होती, आणि आपल्यावर रोखलेली ती नजर तिने चुकवली नव्हती. आपली चित्रपट संस्थांची चळवळ अशाच प्रेक्षकासाठी आहे.