वंशावळीत नसलेल्या आज्या

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत, म्हणून मी नात्यांवर बोलतो. निवृत्तीनंतर मला वंशावळीचा नाद लागला. आपण बुलढाणा जिल्ह्यातली माणसं भेटलो की पाच मिनिटांत गाव, आडनाव आणि मामकूळ काढतो आणि म्हणतो, "मग आपण पाहुणेच की!" हे पाहुणेपण नेमकं कुठून आलं, ते शोधायला दोन साधनं आहेत : कागद आणि रक्त.

कागद आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाटाची पोथी, आणि आपण जिला कधी किंमत दिली नाही ती वस्तू, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा याच कागदांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणारा माणूस भाव खाऊ लागला. घराघरांत वंशावळी तयार झाल्या. पण त्या बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे जाणाऱ्या. बायका त्यांत जवळजवळ नाहीतच.

बायका सापडतात त्या फेरफारात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि शेतकरी वारला की लेकींची नावंही वारस म्हणून लागू लागली. पुढे बहुतेकींनी भावांसाठी हक्कसोडपत्र करून दिलं. जमिनीवरून नाव गेलं, पण त्या कागदात तिचं, नवऱ्याचं आणि सासरच्या गावाचं नाव राहिलं. माझ्या वडिलांच्या एका चुलत बहिणीचा पत्ता मला असाच लागला. तिची नातवंडं जाफराबादकडे आहेत. आता लग्नकार्यात आम्ही एकमेकांना बोलावतो.

आता रक्ताचं, म्हणजे डीएनए चाचणीचं. लाळेचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि आधी ज्यांनी नमुने दिले, त्यांच्या डीएनएशी तो ताडून पाहतात. सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत साधारण १२.५ टक्के डीएनए सारखा असतो. पणजोबा-पणजी एक असतील तर तीन टक्क्यांच्या आसपास. खापरपणजोबा-खापरपणजी एक असतील तर एक टक्क्याहून कमी, आणि अशा शंभर जोड्यांपैकी सुमारे दहा जोड्यांत काहीच जुळत नाही. नातं खरं, पण चाचणीला दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे : मामाची मुलगी करण्याची रीत. त्याच दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या की डीएनए दोन-तीन वाटांनी येतो आणि लांबचा भाऊ जवळचा दिसतो. म्हणून चाचणी 'नातं आहे' एवढंच सांगते. 'कोणामुळे' हे कागद आणि म्हातारी माणसंच सांगतात. चाचणी करायचीच तर घरच्यांना विचारून करा, कारण एकाचा डीएनए साऱ्या भाऊकीचं गुपित असतो. २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली होती.

तरी एका बाबतीत रक्त कागदाच्या पुढे आहे. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. २०१६ साली त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, असा दोघांचाही मोठा वाटा निघाला. पुरुषांकडून ज्यूंचा अधिक, बायकांकडून इथला अधिक. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. त्या बायकांची नावं कोणत्याही वहीत नाहीत, पण त्यांच्या लेकरांच्या रक्तात त्या आजही आहेत.

सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. लखुजीराव जाधवांची लेक म्हणून जिजाऊंपुढे आपण तिथे माथा टेकतो, आणि जिजाऊंच्या आईचं नाव म्हाळसाबाई, हेही आपल्याला ठाऊक असतं. आता स्वतःच्या आईच्या आईच्या आईचं नाव मनात आणा. आलं का? मायटोकाँड्रियल डीएनए नावाचा एक भाग मुलाला काय आणि मुलीला काय, फक्त आईकडूनच मिळतो. म्हणजे त्या पणजीची खूण या मांडवातल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. नाव तेवढं हरवलं.

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर एक वही घाला. तिच्यात आधी लेकीबाळींची नावं लिहा, माहेर आणि सासर, दोन्ही गावांसह. घरात, नात्यात कुणी नव्वदीची आत्या, मावशी असेल तर तिच्याजवळ दोन तास बसा आणि तिचं बोलणं मोबाईलवर टेप करा. तिला तीन गावांच्या सोयरिकी तोंडपाठ असतात. डीएनए चाचणी पाच वर्षांनीही करता येईल. आत्याला मात्र या दिवाळीच्या आत विचारा.