जुनी विलायती मोटार आणि तिची वही



या व्यासपीठावर माझ्याआधी बोलून गेलेली मंडळी विद्वान होती. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गॅरेजात, कारखान्यात आणि आपल्या गावच्या वाचनालयात झाले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हणालो, "जुनी विलायती मोटार कशी घ्यावी आणि कशी बाळगावी." त्यांनी विचारले, "तुमच्याकडे मोटार आहे?" मी म्हणालो, "सायकल आहे." तरीही त्यांनी विषय मंजूर केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

या विषयाचे कारण माझा भाचा. तो इंग्लंडात ऑक्सफर्डला नोकरी करतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी बहीण दोन महिने त्याच्याकडे राहिलो. एके दिवशी तो मला म्हणाला, "मामा, मला एक जुनी गाडी घ्यायची आहे. तुम्ही लहानपणी गॅरेजात होता ना? बघायला येता का?" मी चिडलो. "अरे, घराचे भाडे देता देता तुझ्या नाकी नऊ येतात, आणि हे श्रीमंतांचे नाद कुठून लागले तुला?" तो हसून म्हणाला, "मामा, ही श्रीमंतांची गाडी नाही. हिला इथे गरिबाची अ‍ॅस्टन मार्टिन म्हणतात."

आता हे प्रकरण काय आहे ते सांगतो. काही मोटारींच्या नावापुढे 'जी.टी.' ही अक्षरे असतात. ती 'ग्रॅन तुरिस्मो' या इटालियन शब्दांची आहेत, आणि अर्थ आहे मोठा प्रवास. दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन, वरून पक्के छप्पर असलेली, दिवसभर वेगाने चालवली तरी माणूस थकू नये अशी गाडी. विलायतेत अशा गाड्या अनेकांनी केल्या. अ‍ॅस्टन मार्टिनची डी.बी. ५ ही १९६३ ते १९६५ या काळात निघाली, ती सगळी मिळून हजाराच्या आसपास. आज तिची किंमत आपल्या कोटींत मोजतात. ती आपण लांबून पाहावी. परंतु १९६५ साली एम.जी. कंपनीने एम.जी.बी. जी.टी. ही गाडी काढली. १७९८ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, ९५ अश्वशक्ती, ताशी १६० किलोमीटरच्या वर वेग आणि मागे वर उघडणारे दार. १९८० पर्यंत अशा सुमारे सव्वा लाख गाड्या निघाल्या. शाळामास्तर, टपाल खात्यातला कारकून, लहान दुकानदार अशांनाही ती पुढेमागे परवडली. माझा भाचा हीच गाडी घेणार होता.

आपल्यापैकी काहींना हे नाव ओळखीचे वाटले असेल. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर एम.जी. नावाच्या नव्या गाड्या दिसतात. त्या गुजरातेत हालोलला तयार होतात आणि ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. मूळ अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डच्या गॅरेजांची. म्हणजे एवढे मोठे नाव, पण जन्म गॅरेजातला. हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला, हे कबूल करतो.

आम्ही पहिली गाडी पाहायला गेलो. लालभडक रंग, तारांची चकचकीत चाके, आत नवे कातडे. विकणारा गृहस्थ गोड बोलत होता. भाचा तर रंगावरच भाळला. मी बॉनेट उघडायला सांगितले, आणि मंडळी, माझ्या पोटात कालवाकालव झाली. ते इंजिन मी ओळखत होतो.

त्याचे असे आहे. चौदाव्या वर्षी मी गॅरेजात लागलो. तिथे सरकारी अँबॅसडर गाड्या दुरुस्तीला येत. अँबॅसडर म्हणजे मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे जुने १४८९ सी.सी.चे इंजिन आणि या एम.जी.बी.चे इंजिन ही एकाच घराण्यातली. पिस्टनची चाल दोन्हींत तीच, ८८.९ मिलिमीटर, एम.जी.बी.त सिलिंडरचे भोक तेवढे मोठे. आमच्या उस्तादांनी मला टॅपेट लावायला नऊचा नियम शिकवला होता. व्हॉल्व्ह आठ. आठवा पूर्ण उघडला की पहिला लावायचा, सातवा उघडला की दुसरा. बेरीज नेहमी नऊ. उस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हते. परंतु ऑक्सफर्डजवळच्या एका अंगणात उभे राहून मला त्या परक्या इंजिनातले प्रत्येक अंग त्यांच्या शब्दांत आठवत होते.

मग मी बाह्या सरसावल्या. घेणाऱ्याने काय पाहावे ते आता सांगतो, कारण ही युक्ती कोणत्याही जुन्या वस्तूला लागू आहे. या गाडीला वेगळी चेसिस नाही. अंगाचा पत्राच सगळा भार पेलतो, आणि त्यातही भार असतो तो दोन्ही दारांखालच्या उंबऱ्यांवर. हा उंबरा एकावर एक पत्रे जोडून केलेला असतो. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी उंबऱ्यात शिरते आणि पत्रा आतून खाते. कामचुकार दुरुस्ती करणारा काय करतो? आतला कुजका पत्रा तसाच ठेवतो, वरून नवा पत्रा वेल्डिंगने चिकटवतो, पुट्टी भरतो आणि रंग मारतो. म्हणून खिशात लहान लोहचुंबक ठेवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहावे. तारांची चाके असतील तर ब्रेक दाबून चाक हलवून पाहावे. टक् असा आवाज आला तर आतले दाते झिजलेले आहेत. इंजिन तापल्यावर तेलाचा दाब पाहावा. मागचे पाटे बसले आहेत का तेही पाहावे. पुढच्या चाकांच्या खिळ्यांना वेळेवर ग्रीस दिले आहे का ते विचारावे. इंजिनाची दुरुस्ती सोपी आणि त्या मानाने स्वस्त असते. महाग पडतो तो पत्रा. लोक मात्र इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग पाहतात आणि पैसे मोजतात.

त्या लाल गाडीच्या उंबऱ्याला माझा चुंबक एका ठिकाणीही धरला नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी एका निवृत्त शिक्षकाची होती. रंग हिरवा, उन्हाने विटलेला. बसायच्या जागेवर शिवण उसवलेली. भाच्याचे तोंड उतरले. त्या गृहस्थाने चहा दिला आणि एक वही पुढे ठेवली. १९८१ पासूनची प्रत्येक दुरुस्ती तीत लिहिलेली होती: तारीख, मैल, कोणता भाग बदलला, किती पैसे पडले, आणि काम कोणी केले त्या मिस्त्रीचे नाव. डावा उंबरा आतल्या पत्र्यासह कापून नवा बसवल्याची नोंद होती, त्याची छायाचित्रेही होती. गाडीखाली शिरून मी ताडून पाहिले. वही खरे बोलत होती. मी भाच्याला म्हणालो, "अरे, ही वही विकत घे. गाडी तिच्याबरोबर येईल." लाल गाडी हिच्या दीडपट किमतीची होती.

भाच्याने हिरवी गाडी घेतली. तिच्यातून आमचा पहिला प्रवास अ‍ॅबिंग्डनला झाला. ऑक्सफर्डपासून ते दहाबारा किलोमीटरवर आहे, आणि ही गाडी तिथेच जोडली गेली होती. १९२९ साली एम.जी.चा कारखाना तिथे आला. सांगाडा दुसरीकडून येई, इंजिन दुसरीकडून, आणि अ‍ॅबिंग्डनचे कामगार गाडी जोडत. पुढे सरकणारा यांत्रिक पट्टा तिथे नव्हता. गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागी हाताने ढकलत नेत. मालक-कामगार संबंध चांगले असलेला कारखाना अशी त्याची ख्याती होती. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी थाटाने साजरी केली. त्यानंतर लगेच, काही दिवसांच्या आत, कारखाना बंद करणार असे ब्रिटिश लेलँड या मालक कंपनीने जाहीर केले. पौंड महागला होता. निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेत जात, आणि त्यांच्यावर तोटा होतो असा कंपनीचा हिशेब होता. कारखाना विकत घेण्याची एका गटाची खटपट फसली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी निघाली आणि दरवाजे बंद झाले.

आज तिथे त्या कारखान्याचा फारसा मागमूस नाही. मी फुटपाथवर उभा राहिलो. भाचा म्हणाला, "मामा, काय झाले?" मी म्हणालो, "काही नाही." पण झाले होते.

आमचा कारखाना २००३ साली बंद झाला. मी तेव्हा संघटनेचा चिटणीस होतो. आम्ही लढलो. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, जे मिळाले ते भांडून मिळवले, आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु एक गोष्ट मी आजवर जाहीरपणे बोललो नव्हतो. आमच्या प्रत्येक यंत्राची एक वही होती. फिटर लोक त्यात लिहीत. एका बोरिंग मशीनच्या वहीत लिहिलेले मला अजून आठवते: पावसाळ्यात तिसरे बेअरिंग तापते, सकाळी दहा मिनिटे रिकामे चालवावे. वीस-वीस वर्षांचे शहाणपण त्या वह्यांत होते. यंत्रांचा लिलाव झाला. काही महिन्यांनी ते बोरिंग मशीन घेणाऱ्याचा माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, "मशीन नीट चालत नाही, वही आहे का?" वही रद्दीत गेली होती. कदाचित तिच्या पानांत कोणी शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या असतील. तो लिहिणारा फिटर तोवर गावी जाऊन शेतमजुरी करत होता, आणि तो कुठे गेला याचा पत्ताही आमच्या दप्तरात नव्हता. मालकाने वह्या विकल्या, तो तर मालकच. परंतु त्या मागून घ्याव्यात हे आम्हालाही सुचले नाही. आम्ही श्रमाची किंमत मागितली, श्रमाचे ज्ञान मागायचे विसरलो. ही चूक आमची, आणि चिटणीस म्हणून माझी.

अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, ते मला त्या फुटपाथवर उमगले. कायद्याने मालक एकच असतो. परंतु गाडी चालती राहते ती अनेक हातांच्या जोरावर. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना गेला, तरी १९८८ पासून एम.जी.बी.चे संपूर्ण सांगाडे पुन्हा नवे मिळू लागले, कारण जुने साचे शोधून, दुरुस्त करून कोणीतरी पुन्हा कामाला लावले. नटबोल्टपासून बॉनेटपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग आज मिळतो. साचा टिकला म्हणून गाडी टिकली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. तिचे साचे आणि तिचे मिस्त्री यांची काळजी आपण किती घेतली, याचा प्रत्येकाने विचार करावा.

बाळगण्याच्या दोन गोष्टी सांगून संपवतो. पहिली, गाडी उभी राहिली की आजारी पडते. ती आठवड्यातून एकदा तरी चालवावी. पेट्रोलात आता इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांना खाते, म्हणून नळ्या बदलाव्यात. दुसरी, इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून सक्तीची वार्षिक तपासणी माफ आहे, मोठे फेरफार केलेले नसले म्हणजे झाले. भाचा खूश झाला. मी त्याला म्हणालो, "अरे, कारखान्यात इन्स्पेक्टर येईनासा झाला म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असे नव्हे. माफी असली तरी तू तपासून घे." तो दर वर्षी तपासून घेतो.

माझे काही सहकारी विचारतात, कामगारांना पोटभर वेतन नाही आणि तुम्ही मोटारींचे कौतुक काय सांगता? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, कामगाराने केलेल्या वस्तूचे कौतुक कामगाराने करायचे नाही तर कोणी करायचे? ती वस्तू काचेच्या कपाटात ठेवून तिची किंमत वाढण्याची वाट पाहणारा वेगळा, आणि बोटे काळी करून ती चालती ठेवणारा वेगळा. पहिल्याशी माझे भांडण आहे. दुसरा आमच्या बाजूचा.

आपल्यापैकी फार थोड्यांना विलायती मोटार घ्यायची असेल. परंतु प्रत्येकाच्या घरी काहीतरी आहे: स्कूटर, विहिरीवरचा पंप, आईचे शिवणयंत्र. त्याची एक वही करा. काय बिघडले, काय बदलले ते लिहा, आणि ज्याने दुरुस्त केले त्याचे नाव जरूर लिहा. भाच्याच्या वहीत शेवटची नोंद ऑगस्ट २०२३ ची आहे: आठही टॅपेट लावले. पुढे माझे नाव आहे, आणि माझ्या आग्रहावरून त्याखाली माझ्या उस्तादांचे.