दगडावरचे नाव



आज आपण लढाईत पडलेल्या शिपायांविषयी बोलू. ते कोठे पडले आणि त्यांचे नाव कोठे लिहिले आहे, ते बघू.

सुरुवात आपल्या जवळून करू. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग आपल्याला माहीत आहे. 1948 साली आपला नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या साली 13 सप्टेंबरला भारताची फौज नळदुर्गच्या रस्त्याने आत आली. शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग त्या फौजेत होते. समोरून मशीनगन चालू होती. बचित्तरसिंग पुढे धावले. मांडीत गोळ्या घुसल्या, तरी ते सरपटत गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. जखमी असूनही ते मागे हटले नाहीत. त्यातच त्यांना मरण आले. चार दिवसांनी, 17 सप्टेंबरला, निजाम शरण आला. देशाने पुढे बचित्तरसिंगांना अशोक चक्र दिले.

पंजाबातल्या आईचा लेक आपल्या मुलखात येऊन पडला. तसेच आपल्याकडचे लेक परमुलखात पडले आणि परमुलखातले आपल्याकडे.

आपली पुष्कळ माणसे कामधंद्याला पुण्याला जातात. पुण्याला लागूनच खडकी आहे. तिथे महायुद्धातल्या शिपायांची दफनभूमी आहे. लोक तिला वॉर सिमेट्री म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातले 1,668 जण तिथे पुरले आहेत. पहिल्या महायुद्धात आपल्या देशात मेलेल्या आणखी अठराशेहून अधिक जणांची नावेही तिथे कोरली आहेत. त्यांच्या कबरी गावोगावी विखुरल्या होत्या. त्यांची देखभाल होईना. म्हणून नावे एके ठिकाणी आणली. मुंबईच्या शिवडीतून तर 629 जणांचे अवशेषच 1962 साली इथे आणून पुरले.

तिथले दगड नीट बघा. सगळे सारख्या मापाचे, एका रांगेत. साहेबाचा दगड मोठा आणि शिपायाचा लहान, असे नाही. हे मुद्दाम केलेले आहे. 1917 साली विलायतेत या कामासाठी एक मंडळ नेमले गेले. मेल्यावर हुद्दा, जात, धर्म बघायचा नाही, सर्वांना सारखा मान द्यायचा, असा नियम त्याने केला.

आता कोणी विचारील, आमच्या हिंदू शिपायांची कबर कशी असेल? त्यांना तर अग्नी देतात. खरे आहे. कित्येकांचा तर देहही सापडला नाही. अशांचे नाव भिंतीवर कोरतात. नाव हीच त्यांची जागा.

कोकणातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांचेच बघा. ते मराठा पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटली देशात लढाई चालू होती. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दांड्याने लोळवले. मग लपलेल्या बंदूकवाल्यांनी त्यांना टिपले. वय अवघे 22 वर्षे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वांत मोठे पदक मिळाले. कबर मात्र नाही. इटलीत कॅसिनो या गावी दगडावर त्यांचे नाव आहे.

घाडग्यांचे नाव राहिले. सगळ्यांचे तसे झाले नाही. पहिल्या महायुद्धात आपले हजारो शिपाई इराकात मेले. बसरा शहराजवळ त्यांचे मोठे स्मारक बांधले. गोऱ्या शिपायांची नावे कोरली. आपल्या अंमलदारांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र नुसता आकडा लिहिला: अमुक पलटणीचे इतके. नियम सारख्या मानाचा होता, तो त्याच मंडळाने इथे मोडला. 2021 साली मंडळाने हे कबूल केले आणि माफी मागितली. हिंदी, आफ्रिकी, मिसरी अशा निदान 45,000 जणांना बरोबरीचा मान मिळाला नाही, असे त्याच्या अहवालात आहे.

आकड्याला आई नसते. नावाला आई असते, घर असते, गाव असते. त्या वेळी पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हते. ते घरचे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेत. घरचे लोक ते दुसऱ्याकडून वाचून घेत. दगडावर आपल्या मुलाचे नाव आहे की नाही, हे बसऱ्याला जाऊन विचारणार कोण?

आपण आता वाचू लागलो आहोत, लिहू लागलो आहोत. म्हणून आम्ही दोन कामे सुचवतो. येत्या 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, जवळच्या हुतात्मा स्मारकावर जा. तिथे नावे कोरलेली असतील तर एकेक नाव मोठ्याने वाचा. मुलांनाही ऐकू द्या. दुसरे काम असे. आपल्या गावातून फौजेत कोण गेले, कोण परत आले नाही, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव, बापाचे नाव, पलटण आणि साल वहीत लिहा. एखादे नाव कोठेच लिहिलेले नसेल, तर ती वही ग्रामसभेत घेऊन जा आणि ते नाव सर्वांसमोर वाचून दाखवा.